शेवटी सांगितलेला आकडा

विक्रीनुसार पहिल्या पन्नास प्रवास कंपन्यांची यादी दरवर्षी एकाच साप्ताहिकात छापून येई आणि ती एकच माणूस करत असे. कचेरीत त्यांना यादीवाले म्हणत. तोंडावरही म्हणत. त्यांची काही हरकत नव्हती.

साप्ताहिक प्रवासाच्या धंद्याचं होतं. विमान कंपन्यांचे बदललेले नियम, हॉटेलांच्या जाहिराती, बढती मिळालेल्यांचे फोटो, हे सगळं लोक चाळून बाजूला टाकत. यादीचा अंक मात्र जपून ठेवत. कितीतरी कंपन्यांच्या दर्शनी टेबलावर तो वर्षभर काचेखाली असे, पान उघडलेलं आणि आपल्या नावाखाली लाल रेघ. पहिल्या दहांना रेघ मारावी लागत नसे.

विक्री म्हणजे कंपनीच्या हातून गेलेली सगळी तिकिटं, खोल्या आणि सहली यांची एकूण किंमत. त्यातलं कंपनीच्या पदरात काय पडतं हा वेगळा विषय होता आणि त्याची यादी कुणी मागितली नव्हती.

यादी करायची पद्धत यादीवाल्यांना अपघाताने सापडली होती. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकाला फोन करून यंदाची विक्री विचारली. व्यवस्थापकाने आकडा सांगितला. नेमका त्याच वेळी यादीवाल्यांच्या घशात बिस्किटाचा तुकडा अडकला आणि त्यांना काही बोलता येईना.

"हॅलो?" व्यवस्थापक म्हणाला. "म्हणजे, रद्द झालेली तिकिटं धरून सांगितलं मी."

यादीवाले पाण्याचा ग्लास शोधत होते.

"ती वजा केली तर थोडं खाली येईल. म्हणजे, बरंच येईल. आणि दोन सहली खरं तर पुढच्या वर्षात धरायला हव्यात."

पाणी पिऊन होईपर्यंत आकडा पाव हिश्श्याने उतरला होता. यादीवाल्यांनी तो लिहून घेतला. पुढे त्या कंपनीचा अहवाल निघाला तेव्हा तोच आकडा त्यात होता. त्या दिवसापासून यादीवाल्यांनी फोनजवळ बिस्किट खाणं सोडलं, पण गप्प राहणं सोडलं नाही. नियम एकच होता. फोन ठेवण्याआधी शेवटी जो आकडा सांगितला जाईल तो छापायचा. पहिल्या क्रमांकाच्या कंपनीतल्या बाई दरवर्षी तीनदा "म्हणजे" म्हणत, तीनदा आकडा कमी करत आणि तरीही पहिल्या येत.

ही पद्धत यादीवाल्यांनी बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती.

"यात नवीन काय आहे?" ती तेव्हा म्हणाली होती. "मी हे लग्नापासून भोगतेय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एकदा सुट्टीत कुठे जायचं यावर ती समुद्र म्हणाली होती. यादीवाले घास चावत होते. घास गिळेपर्यंत समुद्राचा डोंगर झाला, डोंगराचं तिच्या मावशीचं गाव झालं, आणि "बरं, पुढच्या वर्षी बघू" हेही तीच म्हणाली. देशातल्या प्रत्येक मोठ्या प्रवास कंपनीची विक्री तोंडपाठ असलेला हा माणूस कुठेही गेला नव्हता.

यंदा अडचण मेहुण्याची होती.

बायकोच्या धाकट्या भावाची प्रवास कंपनी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून होती. दोन टेबलं, काचेच्या दारावर विमान कंपन्यांचे स्टिकर, त्यातल्या निम्म्या कंपन्या आता उडत नव्हत्या. खिडकीत प्लॅस्टिकचं विमान. लोक आपापल्या फोनवर तिकिटं काढू लागल्यापासून दुकानात येणारे बहुतेक जण फोनवर काढलेल्या तिकिटाची तक्रार कुठे करायची हे विचारायला येत. मेहुणा त्यांना खुर्ची देई आणि सांगे. दोन कारखाने आणि काही शाळा यांचं काम अजून त्याच्याकडे होतं, त्यावर दुकान उभं होतं. वर्षअखेर जागेचा करार संपत होता आणि मालकाने नवं भाडं सांगितल्यापासून दुकान उभं राहणार नाही हे नक्की होतं.

पहिल्या क्रमांकाची कंपनी त्या सुमाराला लहान कंपन्या विकत घेत होती. मेहुण्याने फोन केला होता. यादीत असाल तर भेटू, असं उत्तर आलं होतं.

"आणि यादीत नसलो तर?"

"तर तुम्ही आहात हे आम्हाला कसं कळणार?" पलीकडचा माणूस म्हणाला होता. त्याच्या आवाजात खोच नव्हती. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

बायकोने हे सगळं जेवताना यादीवाल्यांना सांगितलं. यादीवाले चावत राहिले.

"मी काही खोटं छापा म्हणत नाहीये," ती म्हणाली. मग म्हणाली, "एखाद्या वर्षी चालतं पण." मग म्हणाली, "बरं, नाही चालत. माहितीये मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाच्या दुकानात गेली.

"खरा आकडा किती कोटी, बाबू?"

"एकोणीस."

"आणि पन्नासावा कितीवर येतो?"

"बावीसच्या आसपास."

"मग सव्वीस सांग."

"ताई, भावोजींना कळेल."

"त्यांना काही कळत नाही. ते गप्प बसतात आणि समोरच्याला वाटतं, कळलं. सव्वीस म्हणायचं आणि तोंड मिटून बसायचं. त्यांचा फोन येईपर्यंत मी रोज इथे येऊन बसते."

"रोज?"

"तुझं तोंड मला ठाऊक नाही का? लहानपणी मार खायच्या आधीच कबूल करून टाकायचास."

यादीवाले वरून खाली फोन करत. पन्नास झाल्यावर ते उंबरठ्यावरच्या कंपन्यांकडे वळत. मेहुण्याचा क्रमांक आला तेव्हा त्यांनी इतरांना विचारत तेच विचारलं.

"यंदाची विक्री?"

"सव्वीस," मेहुणा म्हणाला.

यादीवाले गप्प राहिले. मेहुणाही गप्प राहिला.

हे आजवर झालं नव्हतं. यादीवाल्यांना पंखा ऐकू आला. खुर्ची करकरली. दुसरा एक फोन वाजला आणि वाजून वाजून थांबला. शेजारच्या टेबलावरच्या मुद्रितशोधकाने मान वर करून खुणेने विचारलं, काय झालं? यादीवाल्यांनी हाताने थांब म्हटलं. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका वाढत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना फोनवर काहीतरी बोलावंसं वाटलं. "म्हणजे" हा शब्द जिभेवर आलासुद्धा.

"अहो," पलीकडून आवाज आला, "मी दूध ठेवून आलेय गॅसवर."

हा आवाज मेहुण्याचा नव्हता. यादीवाले आता पद्धत म्हणून गप्प नव्हते. त्यांना खरोखर काही सुचत नव्हतं.

"बोला ना काहीतरी. तू नको रे बोलूस, बाबू."

"ताई, गॅस बारीक आहे ना?"

"बारीक आहे म्हणून काय दिवसभर थांबेल का ते?"

पुन्हा पंखा.

"एकोणीस," ती म्हणाली. "एकोणीस लिहा आणि ठेवा फोन. या माणसापुढे आजवर कुणाचं चाललंय?"

फोन तिनेच ठेवला. यादीवाल्यांनी ठिपक्याच्या शेजारी एकोणीस लिहिलं. संध्याकाळपर्यंत यादी लागली. मेहुणा त्रेपन्नावा आला.

घरात शिरताच करपलेल्या दुधाचा वास आला. पातेलं मोरीत भिजत घातलेलं होतं, आतून काळं. बायकोने दोन ताटं वाढली आणि समोर बसली. ती काहीच बोलली नाही. यादीवाल्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. एरवी एवढ्यात दिवसभराचं सगळं सांगून व्हायचं.

"पातेलं घासलं की निघेल," ते म्हणाले.

ती जेवत होती.

"नाहीतर नवीन आणू."

तिने त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं.

"शेवटी सांगितलेला आकडा धरायचा, हा नियम आहे. आणि तो मी नाही सांगितला."

तिने मान डोलावली. रागाने नाही, नुसतीच.

"त्रेपन्नावा म्हणजे तसा जवळच आहे तो," यादीवाले म्हणाले. "यादी पन्नासचीच हवी असं काही लिहिलेलं नाही कुठे. पानावर पन्नास मावतात, एवढंच. म्हणजे, अक्षर बारीक केलं तर पंचावन्न मावतील."

ताटाला चमचा लागल्याचा आवाज झाला. तो त्यांचाच होता.

"पंचावन्न बरं नाही दिसत. साठ. पण साठ केली तर पंचाहत्तर का नाही, असं विचारतील लोक." ते थांबले. तिने मीठ पुढे सरकवलं. "शंभर," ते म्हणाले. "शंभरची करतो. आकडे खरेच राहतील, त्यात बदल नाही. आणि समुद्राचं तुझं राहिलंय. म्हणजे, यंदा जाऊन येऊ."

"शेवटचं हेच ना?" तिने विचारलं.

"हो."

"शंभर आणि समुद्र," ती म्हणाली आणि पातेलं घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"शंभर कशाला?"

"मागणी आहे."

"कुणाची?"

"एका वाचकाची."

संपादक त्यांच्याकडे बघत राहिले. यादीवाले त्यांच्याकडे बघत राहिले. फोनशिवाय हे करून बघायची त्यांची पहिलीच वेळ होती.

"म्हणजे," संपादक म्हणाले, "आणखी पन्नास कंपन्या यादीत आल्या, तर आणखी पन्नास कंपन्या स्वतःच्या अभिनंदनाच्या जाहिराती देणार." मग त्यांनी जाहिरात विभागाला बोलावलं.

यादीवाल्यांना बरेच नवे फोन करावे लागले. खालच्या कंपन्यांना त्यांच्या गप्प बसण्याची सवय नव्हती. दोघा-तिघांनी "तुम्ही बरे आहात ना?" असं विचारलं. नव्वदाव्या क्रमांकाच्या आसपासचे एक गृहस्थ आकडा कमी करत करत यादीबाहेर गेले आणि आभार मानून त्यांनी फोन ठेवला.

अंक निघाला. मेहुण्याने पान उघडून काचेखाली ठेवलं आणि लाल रेघ मारली. रेघ थोडी वाकडी आली, म्हणून अंकाची दुसरी प्रत आणून पुन्हा मारली.

पहिल्या क्रमांकाच्या कंपनीचा माणूस ठरल्या वेळी आला. नीटनेटका, हळू बोलणारा. त्याच्या पिशवीत तोच अंक होता. त्याने दोन्ही टेबलं बघितली, कारखान्यांचे आणि शाळांचे कागद चाळले, प्लॅस्टिकच्या विमानाचं पातं बोटाने फिरवलं आणि समोर बसला.

"कितीला द्यायचं म्हणता?"

मेहुण्याने किंमत सांगितली. त्यानेच आदल्या दिवशी ताईला सांगितलेली आणि ताईने "एवढीशी?" म्हणून वाढवलेली.

माणसाने पेनाचं टोपण काढलं आणि काही बोलला नाही.

इतकी वर्षं यादीवाल्यांचे फोन घेऊन कंपनी काहीतरी शिकली असावी. मेहुण्याने बाजूला बघितलं.

ताई शेजारच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर पर्स. पर्समध्ये समुद्रावरच्या गावाची दोन तिकिटं होती, याच दुकानातून काढलेली. ती खिडकीतल्या विमानाकडे बघत होती. तिने भावाच्या मनगटावर हात ठेवला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. तिला घाई नव्हती. निघताना तिने गॅस बंद केला होता आणि जिन्यातून परत वर जाऊन तो बंद असल्याचं बघितलं होतं.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी दाराशी आलं, आत तिघं गप्प बसलेली बघून परत गेलं. माणसाने टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "विमान धरून सांगताय ना?"