सातव्या मार्गाचा उतार

सायकल-मार्गांच्या नव्या पुस्तकाचं सव्विसावं पान उघडलं आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सायकल मंडळाची खोली म्हणजे मिस्त्रीच्या दुकानावरचा माळा. खालून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास वर येई. भिंतीवर सगळ्या खोऱ्याचा हाताने काढलेला नकाशा होता. मधोमध नदी, दोन्ही अंगांना डोंगर आणि त्यांतून फिरणारे सायकलचे बारा मार्ग. हे बाराही मार्ग मावशी आणि तिची नणंद यांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी चाकांखाली घातले होते. मंडळात लहानथोर सगळेच तिला मावशी म्हणत. सख्खा भाचा मात्र एकच, आणि तोच आता मंडळाचा सेक्रेटरी होता.

"हा सातवा मार्ग उलटा कोणी केला?"

"उलटा नाही गं, सुधारला," भाचा नव्या पुस्तकांचे गठ्ठे सोडत म्हणाला. "आधी नदीच्या पुलापासून वर चढायचं. अर्धी माणसं तिथेच ढेपाळायची. आता वरच्या गावातून निघायचं आणि खाली नदीवर यायचं. लोक खूश."

"आणि हे काय? 'येथून दोन किलोमीटर सुखद उतार. ब्रेक सोडा आणि दरीचा आनंद घ्या.' हे कोणाच्या सुपीक डोक्यातून आलं?"

"माझ्याच," भाचा खुलून म्हणाला. "छान जमलंय ना?"

"अरे, उताराच्या तळाशी काटकोनात वळण आहे. वळणावर कातळातून बारा महिने पाणी झिरपतं, रस्त्यावर शेवाळ असतं. लगेच पुढे पूल, आणि त्याचा कठडा माझ्या गुडघ्याएवढा. ब्रेक सोडा म्हणे!"

"मावशी, त्या रस्त्याने आम्ही दहा वेळा गेलोय."

"चढत गेलात. सायकल हातात धरून, माना खाली घालून, धापा टाकत. तसं जाणाऱ्याला वळण जाणवतं होय?"

"आताच्या सायकलींना डिस्क ब्रेक असतात."

"ते शेवाळाला जाऊन सांग."

जिन्यात उभा राहून चहा पिणाऱ्या मिस्त्रीला ठसका लागला. भाच्याचा चेहरा पडला. त्याने कपाटातून जुनं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"हे तुमचंच पुस्तक. मी ओळ न् ओळ वाचून डावीकडचं उजवीकडे केलंय. यात वळणाबद्दल कुठे लिहिलंय, दाखव."

मावशीने पान काढलं. पाठच होतं तिला. 'पुलापाशी उतरावे. दोन किलोमीटर सायकल हातात धरून चढावे. हा मार्ग याच दिशेने करावा.' पुढे एक अक्षर नव्हतं.

"याच दिशेने का, ते कुठेय?" भाच्याने विचारलं.

मावशीने पुस्तक मिटलं. 

"नव्या पुस्तकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटव," ती म्हणाली.

"चाळीस जणांना कालच वाटली पुस्तकं. रविवारी पहिली सफर, आणि मंडळ म्हणणार की आमचं चुकलं? हसं करून घेऊ? मी स्वतः पुढे असेन, जपून या म्हणून सांगेन सगळ्यांना."

"ब्रेक सोडा म्हणून छापायचं आणि जपून या म्हणून ओरडायचं! शाबास!"

पाय आपटत ती जिना उतरली.

घरी येऊन तिने भांडी आदळली, कपाटाचं दार आपटलं, शेजारणीने हाक मारली तर 'नंतर' म्हणून तोंडावर खिडकी लावली. भाच्यावर चिडणं सोपं होतं. अवघड होतं ते त्या कोऱ्या जागेवर चिडणं.

कारण ती जागा तिनेच कोरी ठेवली होती.

वन्सं, म्हणजे तिची नणंद, तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या. दोघींच्या सायकली काळ्या, वजनदार, गिअर नसलेल्या. वन्सं आपल्या सायकलच्या पुढच्या चाकाच्या आऱ्याला एक चिंधी बांधत. चिंधी चाकावरच्या चिमट्याला आपटली की चाकाचा एक फेरा झाला. वन्सं मोठ्याने फेरे मोजत आणि शंभर झाले की मावशी थांबून वहीत रेघ ओढत असे. असं अख्खं खोरं मोजलं होतं त्यांनी. समोरून येणारे बैलगाडीवाले विचारत, "बाई, काय हरवलंय?" वन्सं म्हणत, "दोनशे बारा, काही नाही, दोनशे तेरा!" आणि दोघी इतक्या हसत की पुढचा आकडाच चुके.

सातवा मार्ग मोजताना त्या वरूनच खाली आल्या होत्या. वळणावर वन्सं आठशे सत्तर म्हणाल्या आणि आठशे एकाहत्तर म्हणायच्या आत सायकल अंगाखालून निघून गेली. कठड्यावर कोपर आपटलं. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. वेणी घालायची तर शेवटपर्यंत मावशीलाच घालावी लागे.

घरात सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दोन्ही सायकलींना कुलूप लागलं असतं. पुस्तक लिहिताना वन्सं म्हणाल्या, "याच दिशेने करावा, एवढंच लिही. कारण लिहिलंस तर सासूबाईंपर्यंत पोचेल."

सासूबाई गेल्या. सासरे गेले. कुलूप लावणारं कोणी उरलं नाही. पुस्तकाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, शेवटच्या वेळी तर वन्संही नव्हत्या. दोन्ही वेळा मजकूर तिनेच तपासला, आणि दोन्ही वेळा ती ओळ तशीच पुढे गेली. का? सवय. दुसरं काही नाही. माणसाचा जीव जाईल अशी गोष्ट, आणि हिने सवयीने झाकून ठेवली!

रविवारी सकाळी मिस्त्रीच्या टेम्पोत सायकल टाकून मावशी उताराच्या माथ्यावर पोचली. रस्ता अरुंद होता. तिने आपली सायकल आडवी पाडली आणि तिच्यामागे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मावशी, अंगावर येतील हो," मिस्त्री म्हणाला.

"येऊ देत. माझ्यावर आपटले तर पुलाखाली जाणार नाहीत."

मंडळात नवेच आलेले पहिले चौघे घंट्या वाजवत आले.

"आजी, बाजूला व्हा!"

"उतरा. सायकली हातात घ्या."

"अहो, पुस्तकात सुखद उतार लिहिलंय!"

"पुस्तक माझ्या भाच्याने लिहिलंय. रस्ता मी मोजलाय. उतरा म्हणते ना!"

काही हसले, काही कुरकुरले, पण उतरले. मागचे येत गेले, रांग वाढत गेली. तेवढ्यात मागे पडलेल्यांसाठी थांबलेला भाचा रांगेच्या कडेने पुढे आला. लाल टोपी, छातीवर मंडळाचा बिल्ला. चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती.

"मावशी, घरचं भांडण रस्त्यावर नको," तो दातओठ खात म्हणाला. "मी जाऊन दाखवतो सगळ्यांना." आणि त्याने आडव्या सायकलीला वळसा घालून पॅडल मारलं.

मावशीने त्याचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. चार पावलं ती फरपटली. चपलेचा अंगठा तुटला.

"सोड! लोक बघतायत!"

"बघू देत! तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? मेल्या, उतर खाली!"

भाचा उतरला. कानापर्यंत लाल झाला होता. तो सायकल धरून चालू लागला आणि त्याच्यामागे सगळी रांग. मावशी एका पायात चप्पल घालून दुसरी हातात घेऊन निघाली.

वळणावर भाच्याचा बूट सटकला. सायकलिंगचे बूट ते, तळाला प्लास्टिकची कडक, गुळगुळीत पट्टी. तो आडवा झाला, त्याची सायकल हातातून सुटली, एकटीच घरंगळत गेली, कठड्यावर आपटली आणि उलटून पलीकडे गेली. खाली दगडांवर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. 

भाचा बसल्या जागेवरून कठड्याकडे बघत राहिला. मग मावशीकडे वळला. 

"तुला माहीत होतं. मग लिहिलं का नाही? इतकी वर्षं?"

"वन्सं इथेच पडल्या. घरी कळू नये म्हणून नाही लिहिलं."

"आणि नंतर?"

"नंतर मी नाही लिहिलं. मीच."

"मी पान उलटं केलं ते तुझ्या भरवशावर केलं, मावशी!"

"हो," ती म्हणाली. "आणि ब्रेक सोडा हे तू तुझ्या भरवशावर लिहिलंस."

दोघं एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत राहिले. कोणी माफी मागितली नाही. मागून मिस्त्रीने भाच्याला हात देऊन उठवलं.

मावशी कठड्यावर बसली. "पेन दे कोणीतरी," ती म्हणाली. "आणि पुस्तकं आणा इकडे. एकेकाने या."

पहिल्या पुस्तकाच्या सव्विसाव्या पानावर तिने 'सुखद उतार' ही ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं : 'येथे शेवाळ आहे. येथे माझ्या नणंदेचा हात मोडला. सायकलवरून उतरा.' दुसऱ्यात तेच. तिसऱ्या पुस्तकात पेन इतकं जोरात दाबलं गेलं की कागद फाटला.

भाच्याने शेजारी बसून आपलं पेन काढलं. "अर्धी माझ्याकडे दे," तो अजून घुश्शातच म्हणाला. "'माझ्या नणंदेचा' लिहू की 'मावशीच्या नणंदेचा'?"

"'माझ्या'च लिही. शब्द बदलू नकोस."

तिने हात पुढे केला आणि चौथं पुस्तक मागितलं.