कालव्याकाठची चिंधी

नवरा आश्रुबा गेला त्या उन्हाळ्यातच छबुबाई त्याची वाकलेली सायकल सरळ करून घेऊन चालवायला शिकली. काष्टा घट्ट खोचायची, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या अडकवायची. दुष्काळात शेत करपलं, एक म्हैस तेवढी तगली. तिचं दूध बीडच्या संघात पोचवायला हवं होतं. पण सडकेनं ती गेली नाही. सडकेवर बंकटचा पाण्याचा टँकर पळायचा. त्यानंच आश्रुबाला सायकलीसकट उडवलं होतं. मातीलाही आला नाही. हॉटेलात बसून म्हणाला, सायकलवाल्यांनी आपली वाट धुंडावी.

तिनं धुंडली. कोरड्या कालव्याच्या काठानं, शेजारच्या नबीच्या सीताफळांच्या बागेमागून, बाभळींच्या दाटीतून पार शहराच्या मागच्या अंगाला. अंधारात चुकू नये म्हणून वळणावळणावर आश्रुबाच्या धोतराची चिंधी बांधली. बांधताना गुणगुणली,

आडवाटंच्या बाभळी, तुझे काटे बरे बाई
मोठ्या सडकंनं माझा धनी ठेवलाच न्हाई

मागून बाकीचे दूधवाले आले, शाळेच्या पोरी आल्या. बाभळीला चिंधी दिसली की जाणारा आपलीही बांधतो, हात जोडतो. बघता बघता बाभळी चिंध्यांनी फुलल्या. कुणीतरी बुंध्याला शेंदूर फासला. छबुबाईनं तो पुसला नाही.

मग बंकटचा टँकर लावणाऱ्या पाणीवाल्या संस्थेला जवळची वाट हवी झाली. बाभळी तोडायला बंकट टँकर घेऊन काठावर शिरला. कुऱ्हाड घेऊन उतरला आणि शेंदूर बघून थबकला. किटल्या रिकाम्या करून छबुबाई परत येत होती. त्यानं तिला ओळखलं नाही.

"कोणती देवी हाय, बाई?"

"नवी हाय. गाडीवाल्यावर लई कडक हाय."

त्यानं चपला काढल्या. तिनं त्याला नवस बोलायला लावला, या वाटंला पुन्हा गाडी आणणार न्हाई म्हणून. त्यानं खांद्यावरचा पंचा फाडून गाठ मारली. देवीला बांधलेली चिंधी सोडत नसतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

"आता त्या खालच्या काळपट चिंधीला डोकं टेक."

त्यानं टेकलं. तिनं डोळे भरून बघून घेतलं.

"आश्रुबाचं धोतर हाय ते. रगत धुतलं न्हाई मी."

बंकट उठला. हात गाठीकडं गेला, तसाच खाली आला. काठावर टँकर वळायला जागा नव्हती. तो उलटा घ्यावा लागला. छबुबाईनं सायकलीवर टांग टाकली आणि त्याच्या तोंडासमोर, पार सडकेपर्यंत, घंटी वाजवत राहिली.