‘रिग्रेट’ नको

नूतनने ‘रिग्रेट’ या शब्दाखाली रेघ मारली आणि शोकपत्राचा मसुदा टेकचंदपुढे सरकवला.

“याचा अर्थ दुःख होणं. पण पश्चात्तापही. आपल्या हातून काही चुकलं, असा.”

मिलचा मॅनेजर टेकचंद पोहे खात होता. त्याचा चमचा थांबला.

“मग नाही चालत. वकीलसाहब बोले, गलती मानायचीच नाही. दूसरा कोई शब्द दो, मॅडम. दुःख दिसलं पाहिजे, बस.”

आठ दिवसांपूर्वी आमगावजवळच्या या राइस मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात सापडून कामगार रत्नपाल गेला होता. पट्ट्यावरची जाळी सफाईसाठी काढली होती. ती परत बसवायला टेकचंदने मशीन थांबवू दिलं नाही. ऑफिसातल्या सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्या नूतननेही.

“सॉरो,” ती म्हणाली. “नुसतं दुःख. त्यात कोणाचा दोष येत नाही.”

“बढिया!” त्याने तेलकट बोटं पँटला पुसली. “आगे ‘डीप’ लगा दो.”

तिने लावलं. मग मोरीपाशी जाऊन थुंकली. तोंडातला कडवटपणा काही गेला नाही.

दुपारी रत्नपालच्या घरी पत्र देऊन पोचल्याची सही आणायला त्याने तिलाच गाडीने पाठवलं. रत्नपालची बायको पार्वताबाई ओसरीवर बसली होती. तिने कागदाला हात लावला नाही.

“वाचून सांगा, बाई. आमाले इंग्रजी कुठं येते.”

नूतनने मराठीत सांगितलं. पार्वताबाईने सगळं ऐकून घेतलं.

“जाळी नव्हती, थे लिवलं का यात?”

“नाही.”

“मंग चूक कोणाची लिवली?”

“कोणाचीच नाही.” नूतनची नजर खाली गेली. “तसा एक शब्द होता. मीच काढला.”

“काऊन?”

सांगितलं म्हणून, हे उत्तर जिभेवर आलं. त्याचीच तिला किळस वाटली.

पार्वताबाईने आत हाक मारली. तिची मुलगी खुशबू वही-पेन घेऊन आली.

“आता मी सांगतो तसं लिवा. मराठीत.”

“कोणाला?”

“ठाण्यात देतो. पाहणारं कोनी सांगाले तयार नाही म्हणते पोलीस.”

रस्त्यावरून मिलच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. नूतनने वहीचं कोरं पान काढलं आणि सगळ्यात आधी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.