मुरलीकृष्णाची पकड

स्टीलचा तांब्या मुरलीकृष्णाच्या तोंडावर बसला आणि पुढचे दोन दात जिभेवर आले. मणीनं पुन्हा हात उगारला. तीन दिवस दारू न मिळालेला तरणाबांड माणूस. त्याला भिंतीवर साप दिसत होते आणि मुरलीकृष्ण त्या सापांच्या बाजूचा वाटत होता.

"काठी घे रे!" दारातून सीतारामराव ओरडले. तिरुवैयारुच्या रस्त्यावरचं हे व्यसनमुक्ती केंद्र त्यांचं. "काय म्हणून उभा राहिलास? मार त्यास, नाहीं तर आजच किल्ल्या ठेव!"

इथला रखवालदार म्हणून बावीस वर्षं मुरलीकृष्णानं हेच काम केलं होतं आणि चोख केलं होतं. रुग्ण बिथरला की काठी पोटरीवर, गुडघा पाठीवर, दोन मिनिटांत खोली गार. सीतारामराव पाहुण्यांना सांगत, "हा आहे म्हणून मी झोपतों." एकदा एकाचा खांदा निखळला. त्या दिवशीही मुरलीकृष्ण पोटभर जेवला. त्याला काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू?

गेल्या महिन्यात परवान्यासाठी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण दाखवणं भाग पडलं. चेन्नईहून दिव्यश्री नावाची पोरगी तीन दिवसांसाठी आली. सीतारामरावांना भिंतीवर लावायला प्रमाणपत्र हवं होतं. ही मात्र खरंच शिकवायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं मुरलीकृष्णाला रुग्ण केलं आणि बाकीच्यांना म्हणाली, रोज धरता तसं धरा. त्यांनी धरलं. पाठीवर गुडघा आला, तोंड फरशीला चिकटलं, श्वास आत जाईना. "सोडा" म्हणायलाही हवा उरली नाही. चौपन्न वर्षांच्या माणसाची पँट ओली झाली. सगळे हसले. दिव्यश्री हसली नाही. तो दिवस मुरलीकृष्णाच्या अंगातून गेलाच नाही.

आता त्यानं मणीला मागून कवेत घेतलं, तिनं शिकवलं तसं, दंडांना धरून, छाती मोकळी ठेवून. मणीनं डोकं मागं आपटलं. मुरलीकृष्णाचं नाक फुटलं. मग मान वळवून मणीनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात मांसात रुतले. मुरलीकृष्ण रक्त थुंकत बोलत राहिला, "मी आहें रे, मणी. साप नाहीं. श्वास घे. मी आहें."

वीस मिनिटं लागली. शेवटी मणी रडत रडत त्याच्याच मांडीवर झोपला.

"शिकून बिघडलास तूं," सीतारामराव म्हणाले. "ठेव किल्ल्या."

या वयात दुसरीकडे कोण ठेवून घेणार? मुरलीकृष्णाला भीती वाटली. मणीचं डोकं हलकेच खाली टेकवून तो उठला आणि त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

तेवढ्यात मणीची आई अंबा भेटीला आली. इथं येणारी प्रत्येक आई आधी माराचे वळ बघायला मुलाचा शर्ट वर करते. बावीस वर्षं त्या वेळी मुरलीकृष्ण काहीतरी काम काढून बाहेर सटकत आला होता. आज तो तिथंच उभा राहिला.

अंबानं झोपलेल्या मणीची पाठ पाहिली, काखा पाहिल्या, पोटऱ्यांवरून हात फिरवला. पुन्हा पाठ पाहिली. मग तिची नजर वर गेली.

"अय्यो, अण्णा! तुम्हांस कोण मारलं?"

"कोणी नाहीं, अक्का. पडलों."

तिनं मुलाचा शर्ट खाली ओढून नीट केला. तिचं पाहून होईपर्यंत मुरलीकृष्ण थांबला, आणि मग तोंड धुवायला नळावर गेला.