शिडी धरणारा मेहुणा

मी एक शिडी. लाकडी, उंच, सांधे पक्के. रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही. पाहिलं ते सांगते.

माझा मालक पाट्या रंगवायचा. तो वर, आणि खाली मला धरून त्याचा मेहुणा, सख्ख्या बहिणीचा नवरा. दोघांचा नेम होता. वरचा उतरल्याशिवाय खालच्याने हात सोडायचा नाही.

"भावोजी, झोपलात का?"

"झोपतोय कसला! तुझ्या चपलांचा वास येतोय इथवर."

मेहुणा डोंगरापलीकडचा. बोलण्यात तिकडचा हेल. गावात तेव्हा प्रत्येक पाटीवर दोन ओळी असत. वरची इकडच्या भाषेत, खालची तिकडच्या.

मग डोंगरापलीकडच्या काहींना वेगळा देश हवा झाला. त्यांनी बस जाळली. आत मालकाचा पुतण्या होता. मेहुणाही मालकाच्या गळ्यात पडून रडला.

चौकात सभा सुरू झाल्या. एक देश, एक भाषा. आधी मूठभर माणसं, मग रस्ता अडेल एवढी. मालक सुरुवातीला मागे उभा राहायचा. नंतर पुढे बसू लागला. सभावाले निवडून आले आणि पाट्यांवरची खालची ओळ पुसायचा हुकूम निघाला. मालकाला एवढं काम जन्मात मिळालं नव्हतं. मेहुणा रंग कालवून द्यायचा. वर बघायचा नाही.

बहीण म्हणाली, "दादा, यांना काही दिवस घरीच राहू दे."

"मी आहे ना बरोबर. कोणाची टाप आहे हात लावायची?"

दवाखान्याची पाटी पुसणं चाललं होतं. भर दुपारी काठ्या घेऊन पोरं आली.

"घोषणा दे."

मेहुण्याने दिली. हेल ऐकून एक जण हसला. "अरे, हा तर तिकडचा! शिडी सोड. ये इकडे."

"वर माणूस आहे. तो उतरला की येतो."

पोरांनी मान वर केली. "ए पेंटर, कोण हा तुझा?"

मालक त्यांना ओळखत होता. सभेत मांडीला मांडी लावून बसायचे. त्याचा ब्रश थांबला.

"कोणी नाही. रोजंदारीवरचा आहे."

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. पहिली काठी बोटांवर बसली, दुसरी डोक्यात. तरी हात सुटेना. मग पोरांनी एकेक बोट उलगडून त्याला ओढत नेलं. रस्ता रिकामा होईपर्यंत मालक वरच होता.

मेहुणा परतला नाही.

आता मी सभावाल्यांच्या कचेरीत असते. माझ्यावर चढून पोरं फलक बांधतात. बहीण रोज दाराशी येते. "कुठे नेलंत त्यांना? एवढं तरी सांगा." पोरं तिला हाकलतात. मालक आत खुर्चीवर असतो. तिचा आवाज आला की पेपर तोंडासमोर धरतो.

माझ्याच्याने त्याला हलवून उठवणं होत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात, तर त्याच्या हातातला पेपर काढून घ्या. म्हणावं, ऊठ. बाहेर तुझी बहीण उभी आहे.