कांबूबाबाच्या गालातली सुपारी

लिनसच्या जबड्याची सूज मांत्रिक कांबूबाबाने चोखून काढली, ही बातमी सेपिक नदीकाठी होड्यांच्या आधी पोचली. आज शेवटचं चोखणं होतं आणि दक्षिणा म्हणून बाबा लिनसची आई तेक्ला हिचं एकुलतं डुक्कर नेणार होता. खांबांवरच्या तिच्या घराखाली सारा गाव सुपारी-चुना चघळत बसला होता.

बाबाने सहा वर्षांच्या लिनसच्या जबड्याला तोंड लावलं, डोळे गरगरा फिरवले आणि लालभडक थुंकीबरोबर केळीच्या पानावर एक खडा टाकला. "आत्म्याने मारलेला दगड! मुळासकट निघाला," तो घुमला. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

तेक्लाला हायसं वाटलं. दूर वेवाक शहराच्या इस्पितळात कॅन्सर म्हणाले होते. सुया फुकट होत्या, पण मोटारबोटीचं तेल, तिथलं महिनोन्‌महिने राहणं-खाणं, मागे दोन लेकी आणि तणात बुडालेली बाग, हे कोण फुकट देणार? पहिल्या सुया झाल्यावर ती पोराला घेऊन परतली होती. उरलेल्या चुकवल्या तर पोर हातचं जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पुन्हा जायचं तर डुक्कर विकणं आलं. बाबानेच बरं केलं असेल तर ती यातायात कशाला?

"डुकराची दोरी दे त्यांच्या हातात," तिचा थोरला भाऊ पौलुस म्हणाला.

तेवढ्यात तिची नणंद साबिना उठली. ही शाळेत शिकवायची. बाबांनी नारळपाण्याने चूळ भरून पुन्हा एकदा चोखावं, एवढंच तिचं म्हणणं. चूळ भरली की आत्मे रुसतात, असं बाबाने सांगितलं.

"माझ्यावर नाही रुसत. पौलुसभाऊ, गुडघा आणा इकडे." तिने गुडघा चोखला, डोळे फिरवले आणि लाल थुंकीबरोबर पानावर शंख टाकला. "घ्या, गोगलगाय होती आत."

लोक खो खो हसले. सुपारीने साऱ्या गावाचेच गाल फुगलेले. बाबाच्या गालात आणखी काय आहे, हे कोण बघायला जातो?

"पण वन्सं, सूज तर खरंच उतरली," तेक्ला रडवेली होऊन म्हणाली. बाबा खोटा ठरायला तिला नकोच होता.

"उतरली, पण कधी? सुयांच्या आधी यांनी दोनदा चोखलं, तेव्हा वाढतच गेली ना? सुया देऊन तू त्याला बोटीतून उतरवलंस तेव्हाच ती निम्मी झाली होती. फांदी सुयांनी कापली वहिनी, कावळा नंतर येऊन बसला."

तेक्लाने दोरी घट्ट धरली. दिलेला शब्द मोडतो, लाज जाईल, असं पौलुस पुटपुटला.

"जाऊ दे लाज. डुक्कर तर बोटीच्या तेलातच संपेल," ती गावाकडे वळून म्हणाली. "माझ्या बागेतलं तण कोण काढणार, लेकींना सागूची पेज कोण घालणार, ते बोला. खडा बघायला तर सगळे आलात."

मग पौलुसने गुडघा पुसला. "लेकी माझ्याकडे राहतील," तो म्हणाला.

चमत्कार बघायला गर्दी करणं सोपं असतं. पण सूज उतरली म्हणजे रोग गेला असं नाही. सुया पुऱ्या होईपर्यंत पोराला इस्पितळात ठेवा, आणि तोवर त्याच्या आईची बाग राखा.