दोन कोंब

प्रतिक्षा नऊ वर्षांची झाली तरी तिचा परकर कधी कोरडा राहायचा नाही. पळसदेवच्या शाळेत बाई तिला दाराशी वेगळी बसवायच्या. तिची आई रोहिणी ओरडून थकली होती, मारूनही झालं होतं. जंताचं औषध झालं, अंगारा झाला. सासू भागूबाईंचं एकच पालुपद, "सातव्या म्हैन्यात होडीत बसून म्हायेरी गेलीस. पोरीला पाणी लागलं."

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नवरा दादासो दोघी मायलेकींना बारामतीला घेऊन गेला. डॉक्टर अंजुम यांच्यासमोर बसताच रोहिणी म्हणाली, "बाई, आदीच सांगते. जंताचं औषध लिवू नका, अन् पोरगी आळशी हाय असं म्हनू नका."

"लघवीला नीट जाते का?"

"जाते की! मोकळी हून येते, अन् घडीभरात परत ओली. रातंदिस गळतंय."

डॉक्टर ताठ बसल्या. "हे आधी कुणी विचारलं नाही?"

"इचारलं असतं तर इथवर आले असते व्हय?"

शिरेतून औषध टोचून एक्स-रे काढले. फोटो उजेडात धरून डॉक्टर म्हणाल्या, "गर्भात एका नळीला कोंब फुटतो. तो वर वाढत जातो, त्याच्याभोवती मूत्रपिंड तयार होतं. हिला डावीकडे दोन कोंब फुटले. एकाची नळी मूत्राशयात गेली. दुसरीची वाट चुकली, ती मूत्राशयाच्या खालीच उघडली. तिथं लघवी अडवणारं काही नाही. पोरीनं कितीही आवरलं तरी गळणारच."

"अन् होडी?"

"होडीचा काय संबंध? हे झालं तेव्हा दिवस गेलेत हेसुद्धा तुम्हाला धड कळलं नसेल."

रोहिणी दादासोकडे वळली. "ऐकलंसा? नऊ वर्सं ऐकून घेतलं म्या. पोरीला मारलं!" तिला रडू फुटलं.

घरी भागूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग पयल्या म्हैन्यातबी कुठंतरी होडीत बसली असशील."

रोहिणीनं हातातली परात आपटली आणि सरळ बाहेर गेली.

पुण्याला ऑपरेशन करून ती नळी मूत्राशयाला जोडली. जखम भरली, गळणं थांबलं. दिवाळीला प्रतिक्षा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला गेली, सुप्याला आत्याकडे. सुट्टी संपली तरी परत यायचं नाव घेईना. शेवटी रोहिणी स्वतः गेली. आजवर गोणपाटावर निजलेली पोरगी आत्याच्या गादीवर पसरलेली.

"चल की गं घरी!"

"उद्या," प्रतिक्षा म्हणाली, आणि कूस वळवून डोळे मिटले.